आत्याच्या मापाचा फोन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याला आत्या नसावी. असलीच तर तिला मोबाईल घ्यायचा नसावा. लग्न मी करून पाहिलं आहे. घराचे हप्ते अजून चालू आहेत, म्हणजे तेही निम्मंअधिक पाहून झालं आहे. या दोन्हींत एक सोय असते. चार माणसं आपापलं मत देतात आणि शेवटी ज्याचे पैसे त्याचं मत टिकतं. आत्याच्या मोबाईलच्या बाबतीत पैसेही तिचे होते, मतही तिचंच होतं. पायपीट तेवढी माझी होती.

आत्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. वय वर्षं ७७, मुक्काम वाई. उंची चार फूट नऊ इंच, आणि हात इतके लहान की सव्वादोनची बांगडीसुद्धा तिला सैल होते. कासार तिला पाहिला की लहान मुलींचा खोका उघडतो. ही आमची आत्या १९६९ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली आणि २००८ साली निवृत्त झाली. मधे २००० साली खात्याचं निगम झालं. आत्याच्या मते त्यानं फरक एवढाच पडला, की रजेच्या अर्जावरचा मायना बदलला.

ऑपरेटर म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगायला बसलं तर ती ‘कथा छान आहे’ म्हणतात. पण आमच्या पिढीनं ट्रंककॉल बुक करून त्याची वाट पाहिलेली आहे. त्याचे तीन वर्ग असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. आत्या सांगते, लाइटनिंग कॉल आला की ती प्लग लावण्याआधी मनातल्या मनात गणपतीचं नाव घेई. कारण आठपट पैसे मोजून कोणी आनंदाची बातमी सांगत नाही. आणि कुणीही असो, तीन मिनिटं झाली की मधे शिरून ‘थ्री मिनिट्स ओव्हर’ म्हणायचं. नवऱ्याचं बायकोशी भांडण ऐन रंगात आलेलं असलं तरी म्हणायचं. अशी कित्येक भांडणं आपण वेळेवर मिटवली, असा तिचा दावा आहे.

तर सबंध तालुक्याची बोलणी जिनं अडतीस-एकोणचाळीस वर्षं जोडून दिली, त्या बाईकडे स्वतःला धड उचलता येईल असा फोन नव्हता. एक होता. तो भाचेमंडळींनी मिळून पंच्याहत्तरीला दिलेला होता आणि मंडळींनी मिळून दिलेली वस्तू असते तसाच तो होता: मोठा. पावणेसात इंची, वजन दोनशे ग्रॅम. बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला ग्रॅमची भाषा नाण्यांत समजते. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं, म्हणजे दोनशे ग्रॅम म्हणजे दहाची सव्वीस नाणी. सव्वीस नाण्यांची चळत एका मुठीत धरून, त्याच हाताच्या अंगठ्यानं वरच्या कोपऱ्यातलं चित्र दाबून पाहा, म्हणजे आत्याची अडचण कळेल. साहजिकच तो फोन कोनाड्यात समईशेजारी राहत असे. दसऱ्याला त्याला फूलही वाहिलं जाई.

२०२५ च्या आषाढात आत्या परसात शेवाळावरून घसरली. हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं. पण तिला उठता येईना. शेजारचं घर बंद, पाऊस चालू. आमची ही रोज सकाळी आठाला तिला फोन करते, तसा तिनं केला. कोनाड्यात फोन वाजला. पुन्हा वाजला. चार वेळा वाजला. दूधवाली येईपर्यंत आत्या चाळीस मिनिटं त्या ओल्या फरशीवर होती आणि आपला फोन वाजताना ऐकत होती. ‘तुझ्या बायकोचाच होता,’ तिनं मला नंतर सांगितलं. ‘ती आठ रिंगा झाल्या की ठेवते आणि लगेच पुन्हा करते. मी जन्मभर दुसऱ्यांचे न उचललेले फोन ऐकले रे. स्वतःचा पहिल्यांदाच ऐकला.’

मग आमच्याकडे बैठक झाली. आमच्या घराण्यात बैठकीला कोरम लागत नाही, चहा लागतो. थोरल्या चुलतभावाचं म्हणणं पडलं, की झालं एवढं पुरे, आता वाईचं घर बंद करून आत्याला पुण्याला आणावी. कुणाकडे, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. धाकट्यानं सोसायटीत लिफ्ट असल्याचा उल्लेख केला. हिनं मान डोलावली आणि आमच्या दोन खोल्यांकडे पाहिलं. आत्या स्पीकरवर सगळं ऐकत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘घर कशाला बदलता? फोन बदला. अंगावर राहील असा आणा, मी तो कमरेला लावून हिंडते. दिवाळीपर्यंत बघा. नाही जमलं तर येते पुण्याला.’

म्हणजे आता प्रश्न फोनचा राहिला नव्हता. वाईच्या घराचा होता, आणि तो माझ्याकडे आला. का, तर मी बँकेत आहे. आमच्या नातेवाइकांचा असा पक्का समज आहे की बँकेतल्या माणसाला सगळ्या खरेद्या कळतात. तसं आता आम्हाला क्लार्कही म्हणत नाहीत. २०२४ सालच्या करारानं आमचं बारसं होऊन आम्ही ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालो. काउंटर तोच, खुर्ची तीच, पंखाही तोच.

चार दिवसांनी वाईहून कुणाबरोबर तरी एक पाकीट आलं. आत साडीच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा, आणि सोबत चिठ्ठी: ‘याहून रुंद नको. लांबी थोडी जास्त चालेल. सौ.ला मेतकूट पाठवते आहे.’ शिंप्याकडे मापाचा ब्लाउज पाठवावा तसं आत्यानं फोनचं माप पाठवलं होतं! आपली मूठ कागदावर ठेवून, पेन्सिलीनं आखून, कातरीनं कापलेलं. चिरंजीवांच्या कंपासपेटीतली पट्टी लावून पाहिली. रुंदी बरोबर ६६ मिलिमीटर.

चिरंजीव हसायला लागले. ‘बाबा, फोन इंचात मोजतात. आजीला किती इंची पाहिजे ते विचारा.’

आता इथे मला थोडं गणित सांगावं लागणार आहे. फोनचे जे इंच सांगतात ते कर्णाचे असतात, म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी लावून मोजलेले. शाळेत पायथागोरसचा सिद्धांत पाठ करताना याचा पुढे उपयोग काय, असं आम्ही मास्तरांना विचारत असू. उपयोग हा, की नुसत्या कर्णावरून काटकोन चौकोनाची रुंदी कळत नाही. उंच सडपातळ माणूस आणि बुटका जाड माणूस यांचा कर्ण सारखा भरू शकतो. २०१७ साली आलेला आयफोन ८ प्लस साडेपाच इंची होता आणि त्याची रुंदी ७८ मिलिमीटर होती. २०२३ साली आलेला सॅमसंगचा एस २३ सहाच्या वर, ६.१ इंची, आणि रुंदी ७१ मिलिमीटरला जराशी कमी! म्हणजे इंच वाढले आणि फोन अरुंद झाला. मधल्या काळात पडदे उंच झाले, कडेच्या चौकटी गेल्या. आणि हाताच्या मुठीला उंचीशी कर्तव्य नसतं, रुंदीशी असतं. थोडक्यात, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापणारी माझी आत्या कंपन्यांच्या जाहिरातीपेक्षा शास्त्रशुद्ध होती. हे मी चिरंजीवांना सांगितलं. त्यांनी कानात बोंडं घातली.

पुठ्ठा खिशात घालून मी दुकानं हिंडायला लागलो. पहिल्या दुकानातल्या मुलाला मी पुठ्ठा दाखवला. त्यानं तो उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला साडीच्या दुकानाचं नाव होतं. तो अदबीनं म्हणाला, ‘काका, हे समोरच्या लाइनीत मिळेल.’

दुसऱ्या दुकानात मात्र मला सन्मानानं बसवलं. ‘कॉम्पॅक्ट पाहिजे ना? आहे ना!’ म्हणून त्यानं जो काढला तो ६.३ इंची होता. हे फोन २०२५ साली आपल्याकडे ‘कॉम्पॅक्ट’ या नावानं विकायला आले. मी पुठ्ठा वर ठेवला. पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांनी फोन असा बाहेर आला, जसा बाकावर तिसरा माणूस बसला की आपण येतो. शब्द कसे फुगतात पाहा. २०११ साली सॅमसंगनं गॅलेक्सी नोट काढला तेव्हा तो ५.३ इंची होता आणि कानाला लावलेला पाहून लोक पाटी लावली म्हणून हसत. २००७ चा पहिला आयफोन तर साडेतीन इंची. आज सहाच्या वरचा तो कॉम्पॅक्ट.

लहान फोन गेले कुठे, याचा मी शोध घेतला. मुलगी पाहताना सगळे जसे ‘आम्हाला साधीच हवी’ म्हणतात, तसे गिऱ्हाईक ‘लहान फोन हवा’ म्हणतात आणि दुकानात गेल्यावर मोठा घेतात. सिनेमा मोठ्यावर बघायचा, बॅटरी मोठ्यात जास्त मावते, कॅमेऱ्याला जागा लागते. ॲपलनं २०२० आणि २०२१ साली मिनी नावाचे दोन काढून पाहिले, ५.४ इंची. खप झाला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात तेराव्या मिनीचीही विक्री कंपनीनं थांबवली. गोल बटणाचा एसई होता, तो २०२५ च्या फेब्रुवारीत गेला. असूसचा झेनफोन १०, २०२३ सालचा, ५.९ इंची, पुढल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ आला तो पावणेसातच्या वर. घरात धाकटा भाऊ उंच निघतो म्हणतात ते फोनमध्येही खरं आहे.

तरी एका दुकानात जुना पण झाडूनपुसून ठेवलेला तेरावा मिनी मिळाला. रुंदी ६४.२. मी पुठ्ठा ठेवला आणि फोन पुठ्ठ्याखाली चक्क दिसेनासा झाला! वजन एकशे चाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अठरा नाणी. मला इतका आनंद झाला की दुकानदारानं तिथेच किंमत पाचशेनं वाढवली असावी. पण बँकेतली सवय. सही करण्यापूर्वी मी रजिस्टर उलटून पाहतो. म्हटलं, अक्षर मोठं करून बघू.

खरी मेख इथे होती. आत्याच्या हाताला लहान फोन हवा, आणि डोळ्यांना मोठा. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत; वर्तमानपत्र ती चष्म्यानं वाचते, पण फोनवरची मुंगीएवढी अक्षरं तिला नको असतात. मी त्या मिनीवर अक्षर तिला लागेल तेवढं केलं आणि माझ्या फोनवरून एक निरोप पाठवला: ‘आत्या, काळजी करू नको, सगळं ठीक आहे.’ पडद्यावरच्या पट्टीत पहिल्या ओळीत ‘आत्या, काळजी करू’ एवढंच मावलं. ‘नको’ खाली गेलं. एकट्या राहणाऱ्या ७७ वर्षांच्या बाईला हा फोन द्यावा की नाही, हे मला ठरवता येईना. मी तिलाच फोन केला. ती म्हणाली, ‘तू थांब. मीच येते. माप पाठवून ब्लाउज कधी नीट बसलाय का?’

शनिवारी ती एसटीनं स्वारगेटला उतरली. दुसराच शनिवार असल्यानं बँकेला सुट्टी होती. हिनं आधी तिला पोहे खायला घातले आणि मग आमची वरात दुकानात गेली.

तिथला मुलगा चुणचुणीत होता. ‘या आजी, बसा. हा बघा, पन्नास मेगापिक्सेल—’

‘बोलणं कसं येतं?’ आत्यानं विचारलं.

‘अं?’

‘आवाज. समोरच्याचा आवाज कसा येतो?’

दुकानात बावीस फोन मांडलेले होते. त्यांतल्या एकावरूनही आजपर्यंत कुणी फोन करून पाहिला नव्हता. कुणाच्या पोटात कार्डच नव्हतं! मुलानं मालकाकडे पाहिलं, मालकानं माझ्याकडे. आत्यानं पिशवीतून सेफ्टी पिन काढली, आपल्या जुन्या फोनचा कप्पा उघडला आणि कार्ड मुलाच्या हातावर ठेवलं. मग एकेका फोनवरून तिनं साताऱ्याच्या आपल्या जुन्या सहकारी बाईंना फोन लावला. त्याही निवृत्त ऑपरेटर. दोघींचं संभाषण असं:

‘कशी येतेय?’

‘खोल. विहिरीतून.’

‘ठेव. आता?’

‘बरी आहे. पण स ची शिट्टी वाजतेय.’

मिनीचा आवाज चांगला निघाला, पण त्यावरचं मोठं अक्षर तिनं पाहिलं आणि म्हणाली, ‘हे वाचायचं म्हणजे तारेचा कागद वाचल्यासारखं आहे. दोन शब्द आणि पोटात गोळा.’ तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण ज्यांनी ती वाचली आहे त्यांच्या पोटातला गोळा अजून चालू आहे.

मग तिची दुसरी परीक्षा. डाव्या हातानं तिनं माझा दंड घट्ट धरला. ‘हा एसटीचा दांडा,’ असं मुलाला समजावून सांगितलं. ‘आता उजव्या हातात दे.’ दांडा न सोडता, एकाच हाताच्या अंगठ्यानं फोन घेता आला पाहिजे, ठेवता आला पाहिजे, आणि माझं नाव दाबता आलं पाहिजे. मुलानं मधेच माझा दंड जरा हलवलासुद्धा, खंबाटकी घाट म्हणून. एव्हाना त्यालाही चव लागली होती. सहा फोन नापास झाले. सातवा तो ६.१ इंची एस २३, उरल्या मालातला. बावीस नाण्यांना किंचित कमी. पडदा अंगठ्यानं खाली ओढून अर्ध्यावर आणायची त्यात सोय होती, ती मुलानं दाखवली. अक्षर मोठं करूनही ‘नको’ त्याच ओळीत राहिला. साताऱ्याहून निकाल आला: ‘लाइन क्लिअर.’

मी मुकाट्यानं खिशातून पुठ्ठा काढून फोनवर ठेवला. पाच मिलिमीटर फोन जास्त होता.

आत्यानं पुठ्ठा घेतला, पाहिला आणि पिशवीत टाकला. ‘मूठ मोजली होती मी,’ ती म्हणाली. ‘मुरगळलेल्या हाताची. तेव्हा मिटत नव्हती नीट.’

दुकानातला मुलगा हे ऐकून गप्प झाला. मग त्यानं न सांगता पाठीला खरबरीत कव्हर घातलं आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

पुढचं काम माझ्या खात्यातलं, म्हणून भराभर सांगतो. कंपनीनं या मॉडेलला पाच वर्षं सुरक्षा अपडेट कबूल केलेले आहेत, म्हणजे २०२८ पर्यंत निभावलं. बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की मदतीचा फोन लागतो, ते लावून दिलं. पाठीवर १९३० चिकटवला. पैशांची फसवणूक झाली तर पहिला फोन तिकडे. ओटीपी कुणाला सांगू नकोस, असं मी काउंटरवर दिवसातून चाळीस वेळा म्हणतो तेच तिलाही म्हणालो, तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी वाक्य अर्धंच सोडलं. ‘लाइनीवरचं बाहेर सांगायचं नाही, हे मला १९६९ साली शिकवलंय,’ ती म्हणाली.

पैसे मी कार्डावर भरले होते. वाईला पोचताच तिनं यूपीआयनं मला एक रुपया पाठवला आणि फोन केला, ‘टेस्ट. पोचला का?’ पोचला म्हटलं. मग पाच हजारांच्या पुढे तिची रक्कम जाईना. मी समजावलं, की नव्या फोनवरून पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांचीच मर्यादा असते. चोरानं फोन बदलून खातं रिकामं करू नये म्हणून. ‘बरोबर आहे,’ ती म्हणाली, ‘नवा ऑपरेटर आला की आम्हीही त्याला लाइटनिंग देत नसू.’ दुसऱ्या दिवशी, चोवीस तास पुरे झाल्यावर पाचव्या मिनिटाला उरलेले सगळे आले. पैनपै.

नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही तिनं घरबसल्या दिला. बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र तिला ओळखत नसे, आणि दरवर्षी एक बाई जिवंत असूनही मशीन नाही म्हणते या गोष्टीवर आमच्यासारख्या काउंटरवाल्यांना काहीतरी मार्ग काढावा लागे. २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला देता येतो. तिनं डोळे उघडे ठेवले, मिटले, उघडले, झालं. ‘एवढ्यावर पटलं त्यांना?’ असं तिनं मला विचारलं.

दिवाळीला सगळे जमलो तेव्हा थोरल्या चुलतभावानं लिफ्टचा विषय काढला नाही. चकली मोडत त्यानं आत्याच्या कमरेकडे पाहिलं. साडीला जुळणाऱ्या खणाची नवी पिशवी तिथे होती, पाच मिलिमीटर सैल शिवलेली.

भाऊबीज झाल्यावर ती एकटी रिक्षानं मेणवलीला गेली आणि तिथून मला फोटो पाठवला. अर्ध्या फोटोत तिचा अंगठा होता. उरलेल्या अर्ध्यात घाट, आणि नाना फडणविसांच्या वाड्यामागची कृष्णा.